घेतलेलें परत करतांना

घरांत लग्न ठरलें म्हणजे काय काय येऊन पडतें, हें वाचकांना सांगावयास नको. कार्यालयाला विसार जातो, मांडववाल्याचे वासे अंगणांत येऊन पडतात, शेजारपाजारचीं मोठीं पातेलीं आणि पराती गोळा होतात, आचाऱ्याला उचल दिली जाते. कार्य पार पडलें कीं हें सारें दुसऱ्या दिवशीं जेथल्या तेथें जातें. कारण परत करण्याची रीत ठरलेली असते, माणसें हाताशीं असतात आणि मनें निवांत असतात. परंतु तेंच लग्न दोन दिवस आधीं मोडलें तर? मग कोणाची परात कोणाकडे राहिली आणि आचाऱ्याची उचल कोणीं मागावयाची, हें पाहण्याला कोणाचें चित्त ठिकाणावर असतें! वर्षा-दीड वर्षानें माळ्यावर एक अनोळखी पातेलें निघतें. त्यावर घातलेलें नांव घासून गेलेलें असतें, आणि घरचीं सगळीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

मी पोटासाठीं जें काम करतें तें थोडक्यांत सांगावयाचें तर अशा मोडलेल्या लग्नांचा हिशेब लावण्याचें आहे. संगणकाच्या धंद्यांत त्याला ‘एरर हँडलिंगमधील मेमरी लीक दुरुस्त करणें’ असें भारदस्त नांव आहे. आमच्या सासूबाईंना मी ‘ड्रायव्हर लिहितें’ इतकेंच ठाऊक आहे. आणि मोटार हांकणारा माणूस कोणी लिहील कसा, हें कोडें सोडविण्याचा नाद त्यांनीं केव्हांच सोडून दिला आहे.

तेव्हां आधीं हा ड्रायव्हर म्हणजे काय तें सांगतें. संगणकाच्या मुळाशीं एक मध्यवर्ती कारभारी बसलेला असतो. त्याला कर्नेल म्हणतात. प्रिंटर, कॅमेरा, उष्णतामापक अशा प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. कारभाऱ्याला त्या साऱ्या बोली येणें शक्य नाहीं, म्हणून प्रत्येक उपकरणामागें एक दुभाषा नेमलेला असतो. हा दुभाषा म्हणजेच ड्रायव्हर. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याचा आरंभ केला, तो लिनक्स नांवाचा कर्नेल आज लहानमोठ्या असंख्य यंत्रांत आहे, आणि त्याच्या एकंदर मजकुरांत निम्म्याहून अधिक भरणा या दुभाष्यांचाच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २००१ सालीं केलेल्या तपासणींत उरलेल्या कर्नेलपेक्षां ड्रायव्हरांमध्यें चुकांचें प्रमाण तिपटीपासून सातपटीपर्यंत अधिक आढळलें होतें. मला यांत आश्चर्य वाटत नाहीं. कर्नेलचा गाभा पुष्कळांच्या डोळ्यांखालून जातो. पण एखाद्या आडवळणाच्या उपकरणाचा ड्रायव्हर, तें उपकरण ज्यांच्या टेबलावर आहे असे चार-दोन लोकच काय ते वाचतात. आणि त्यांतही ते वाचतात ती सुखाची वाट; उपकरण बिघडल्यावर काय व्हावें तो भाग नव्हे.

उपकरण जोडलें गेलें कीं ड्रायव्हरचा पहिला विधि सुरू होतो. तो आधीं कारभाऱ्याकडून थोडी मेमरी उसनी मागतो. मग उपकरणाशीं बोलण्याची वाट बांधून घेतो. मग ‘उपकरणानें हांक मारली तर मला उठवा’ अशी वर्दी देऊन ठेवतो. आणि शेवटीं चारचौघांत त्याचें नांव नोंदवतो. चारही पायऱ्या सुखरूप चढल्या तर प्रश्नच नाहीं. पण चौथ्या पायरीवर पाय घसरला तर तिसऱ्या पायरीवर घेतलेलें आधीं, मग दुसरीवरचें, मग पहिलीवरचें, असें उलट क्रमानें परत करीत उतरावें लागतें. हा क्रम केवळ नीटनेटकेपणासाठीं नाहीं. मांडव उतरवतांना छत आधीं काढतात आणि खांब मागाहून. खांब आधीं उपटले तर छत डोक्यावर येतें. येथेंही हांकेची वर्दी रद्द करण्याआधीं मेमरी परत केली, आणि नेमकी तेवढ्यांत उपकरणानें हांक मारली, तर जागा झालेला ड्रायव्हर आतां दुसऱ्याच्या मालकीच्या झालेल्या मेमरींत खुशाल लिहून मोकळा होतो.

हे ड्रायव्हर बहुतेक ‘सी’ भाषेंत लिहिलेले असतात. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेली ही भाषा मोठी काटकसरी आणि तितकीच निष्ठुर आहे. मेमरी मागितली तर ती मिळवून देते. परत केली कीं नाहीं हें विचारीत नाहीं. तें ज्याचें त्यानें पाहावें.

‘लीक’ म्हणजे गळती हा शब्द मला स्वतःला पसंत नाहीं. गळक्या रांजणाखालीं ओल तरी दिसते. येथें थेंबभरही बाहेर पडत नाहीं. मेमरी जागच्या जागींच असते. फक्त ती कोणाला दिली होती त्याची चिठ्ठी फाटून गेलेली असते. वापरणारा कोणी उरत नाहीं, परत करणाराही कोणी उरत नाहीं, आणि कारभाऱ्याच्या वहींत ती ‘दिलेली’ अशीच मांडलेली राहते. माळ्यावरचें पातेलें तें हेंच.

साध्या प्रोग्रामानें असा घोटाळा केला तर त्याला एक मोक्ष असतो. तो प्रोग्राम बंद झाला कीं त्यानें घेतलेली सगळी मेमरी कारभारी काढून घेतो. पण ड्रायव्हर हा परका कुळ नव्हे. तो कारभाऱ्याच्याच घरचा. घरच्या माणसाची झडती कोण घेणार? त्यानें हरवलेली मेमरी यंत्र बंद करून पुन्हां सुरू करीपर्यंत हरवलेलीच राहते.

आतां यांतून होतें काय, तें एका उदाहरणानें सांगतें. आमच्या कंपनीनें तयार केलेली उष्णतेची नोंद ठेवणारी एक पेटी एका शीतगृहांत बसविली होती. तेथें लहान मुलांच्या लसी ठेवीत. अशा बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात, आणि त्या तशा ठेवल्या होत्या याचा पुरावा म्हणजे त्या पेटींतली नोंद. पेटी आठ दिवस मुकाट्यानें काम करी आणि नवव्या दिवशीं नोंद घेणें थांबवी. कोणी तरी तिची वायर काढून पुन्हां लावली कीं पुढचे आठ दिवस परत सुरळीत. तेथला पहारेकरी म्हणे, ‘‘तिचें नवरात्र बसतें, बाई. नवव्या दिवशीं उठतें.’’ सगळ्यांनीं हें हंसण्यावारी नेलें. मग एकदां ती रात्रीं अकराच्या सुमारास थांबली आणि सकाळीं सहापर्यंत कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. थंडावा बहुधा रात्रभर कायम असावा. यंत्राचा आवाज पहारेकऱ्यानें ऐकला होता. पण नोंद नाहीं म्हणजे खात्री नाहीं. नियमाप्रमाणें तो सगळा सांठा टाकून द्यावा लागला, आणि लस टोंचून घेण्यासाठीं कडेवर मुलें घेऊन आलेल्या बायकांना दुसऱ्या दिवशीं तशाच परत पाठवावें लागलें.

पेटी माझ्या टेबलावर आली ती त्यानंतर. पहिल्या दिवशीं ज्यानें तिला पाहिलें त्यानें नोंद घेणाऱ्या प्रोग्रामावर ठपका ठेवला होता. कारण पेटीच्या रोजनिशींत ‘मेमरी संपल्यामुळें नोंदणीचा प्रोग्राम ठार केला’ अशी ओळ स्पष्ट उमटलेली होती. या जागीं पुष्कळ जण फसतात. मेमरी अगदींच संपली म्हणजे कर्नेल नाइलाजानें एकाचा बळी देतो, आणि बळी निवडतांना सर्वांत अधिक मेमरी कोणत्या प्रोग्रामाच्या नांवावर आहे हें पाहतो. ड्रायव्हरनें हरवलेली मेमरी कोणत्याच प्रोग्रामाच्या नांवावर नसते. तेव्हां चोर घरांतच राहतो, आणि घरांतला सर्वांत कष्टाळू, म्हणूनच सर्वांत जास्त जागा अडविणारा, प्रोग्राम फांसावर जातो. न्यायाची ही तऱ्हा पाहून मामंजींना त्यांच्या बँकेंतल्या एका जुन्या चौकशीची आठवण झाली. ती येथें सांगण्यासारखी नाहीं.

मीं पेटी उघडून पाहिली तेव्हां उष्णतामापकाची जोडणी किंचित् सैल होती. शीतगृहांतला कॉम्प्रेसर सुरू झाला कीं कपाट थरथरे, जोडणी क्षणभर सुटे आणि पुन्हां लागे. प्रत्येक वेळीं ड्रायव्हरचा विधि पहिल्यापासून सुरू होई. उपकरण नुकतेंच जागें होत असल्यामुळें ड्रायव्हरच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर वेळेवर येत नसे. ड्रायव्हर ‘जमलें नाहीं’ म्हणून परत फिरे, आणि क्षणभरानें पेटी आपण होऊन पुन्हां प्रयत्न करी तेव्हां सारें सुरळीत होई. बाहेरून पाहणाराला कांहीं झाल्याचें कळतही नसे. पण परत फिरतांना पहिल्या पायरीवर घेतलेली १६ किलोबाइट मेमरी मागेंच राही. सरासरीनें दर पांच मिनिटांनीं एकदां, म्हणजे दिवसाला २८८ वेळां. म्हणजे दिवसाला साडेचार मेगाबाइट. पेटींत मोकळी मेमरी सुमारें ४० मेगाबाइट. मामंजींनीं तोंडींच हिशेब केला आणि म्हणाले, ‘‘मग नवरात्र बरोबर आहे कीं ग.’’

अपयशाची वाट क्वचित् चालली जाते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालें तरी चालेल, हा या धंद्यांतला सर्वांत मोठा भ्रम आहे. सैल जोडणीचें सोडा. अगदीं धडधाकट यंत्रांतही संगणक सुरू होतांना एक ड्रायव्हर उठतो, त्याला ज्याच्यावर अवलंबून राहावयाचें तो दुसरा ड्रायव्हर अजून तयार नसतो, मग पहिला ‘मागाहून येतों’ असें सांगून परत जातो. लिनक्समध्यें २०१२ पासून ही रीतसर पद्धति आहे. प्रत्येक ‘मागाहून येतों’ म्हणजे एक अर्धवट मोडलेला विधि, आणि हातांत घेतलेलें त्या वेळीं खालीं ठेवलें नाहीं तर प्रत्येक फेरीला थोडें थोडें हरवत जातें.

हरवलेली मेमरी शोधावयाची कशी, हा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. कॅटलिन मारिनास यांनीं केलेलें ‘केमेमलीक’ नांवाचें एक साधन २००९ पासून लिनक्समध्येंच आहे. त्याची युक्ति साधी आहे. दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता तें टिपून ठेवतें; आणि दर दहा मिनिटांनीं सगळी मेमरी चाळून, तो पत्ता कोणाजवळ तरी लिहिलेला आहे काय, हें पाहतें. ज्या तुकड्याचा पत्ता कोणाच्याच खिशांत सांपडत नाहीं तो अनाथ समजावयाचा, आणि तो मूळ कोणीं मागितला होता त्याचा मार्ग छापून द्यावयाचा. मीं आमच्या टेबलावर तशीच जोडणी करून एक दुपारभर ती हातानें सोडवीत आणि लावीत बसलें. संध्याकाळपर्यंत अनाथांची यादी पडद्याच्या खालपर्यंत गेली होती, आणि त्या सर्वांच्या मागें एकच नांव होतें.

दुरुस्ती दिसावयास लहान असते. ‘सी’ भाषेंत ‘गो टू’ म्हणजे ‘येथून उडी मारून तेथें जा’ अशी एक आज्ञा आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्त्रा यांनीं १९६८ सालीं एका पत्रांत तिच्यावर कडक टीका केली, तेव्हांपासून सभ्य समाजांत तिचें नांव काढीत नाहींत. परंतु लिनक्सच्या ड्रायव्हरांत मात्र ती प्रतिष्ठेनें नांदते, आणि माझ्या मतें योग्यच नांदते. विधीच्या अखेरीस परतीच्या पायऱ्या उलट क्रमानें एकाखालीं एक लिहिलेल्या असतात. जेथें पाय घसरला तेथून बरोबर त्या पायरीवर उडी मारावयाची आणि तेथून खालीं उतरत जावयाचें. लिनक्सच्या लेखनपद्धतीच्या नियमांत असेंही सुचविलें आहे कीं, प्रत्येक पायरीला ती काय परत करते तें सांगणारें नांव द्यावें. सगळ्या पायऱ्यांचें काम ‘चूक’ अशा एकाच नांवाच्या फळीवर लोटलें, तर न घेतलेल्या वस्तूही परत करावयास माणूस धांवतो. आमच्या ड्रायव्हरांत उडी होती, पण एक पायरी खालीं पडत होती. ज्यानें तो लिहिला तो केव्हांच नोकरी सोडून गेला होता. पहिल्या पायरीवरची मेमरी मागाहून कोणी तरी घातलेली होती, आणि घालणाराला परतीच्या वाटेची आठवण झाली नव्हती.

येथें आमच्यांतल्या एका उत्साही तरुणानें, चौथ्या पायरीवरही अशीच गळती असेल असें धरून, नांवनोंदणी फसल्यावर ती मेमरी परत करणारी ओळ घालून टाकली. चाचणींत यंत्र दोन मिनिटांत कोसळलें. नोंदणीचा नियम विलक्षण आहे. उपकरणाचें नांव नोंदवावयास एकदां दिलें, कीं मग नोंदणी फसली तरीसुद्धां तें तुमचें राहत नाहीं. त्यावर किती जणांचा हक्क आहे याची एक मोजणी सुरू झालेली असते. तुम्हीं ‘माझा हक्क सोडला’ इतकेंच म्हणावयाचें, आणि मोजणी शून्यावर आली कीं मेमरी आपोआप परत जाते. त्या तरुणानें ती स्वतःच्या हातानेंही परत केली, म्हणजे एकच वस्तु दोनदां परत झाली. न परत केल्यानें यंत्र हळूहळू मरतें. दोनदां परत केल्यानें तत्काळ, किंवा त्याहून वाईट म्हणजे केव्हां तरी. दोन वेळां परत केलेली मेमरी मधल्या काळांत दुसऱ्या कोणाला दिलेली असूं शकते, आणि मग त्याच्या ताटांतलें हें उचलून नेतात. मामंजींनीं पस्तीस वर्षें खातेवह्या पाहिल्या आहेत. ते म्हणाले, ‘‘एका पावतीवर दोनदां पैसे गेले, तर ते कोणाच्या तरी खात्यांतूनच जातात.’’

म्हणून या कामांत खरा वेळ जातो तो ओळ लिहिण्यांत नव्हे; या क्षणीं वस्तु कोणाची आहे, हें ठरविण्यांत जातो. आणि त्यांतही भाषेचे फसवे शब्द असतात. झोंपलेल्या उपकरणाला जागें करण्याची लिनक्समध्यें एक आज्ञा आहे. ती अयशस्वी झाली तरी ‘एक जण वापरीत आहे’ ही मोजणी वाढवूनच परत येते. शेंकडों लोकांनीं सरळ मनानें असें मानलें कीं, अयशस्वी म्हणजे कांहींच घेतलें नाहीं. परिणाम असा कीं ती मोजणी पुन्हां शून्यावर येईना, आणि उपकरण जागें राही तें कायमचेंच. २०२० सालीं अशा दुरुस्त्यांचा पाऊस पडला. आणि अखेर त्याच वर्षीं, अपयश आल्यास मोजणी स्वतःच मागें घेणारी एक नवी आज्ञा करण्यांत आली. इतक्या लोकांनीं एकाच जागीं ठेंच खाल्ली म्हणजे दोष पायांचा नसून दगडाचा असतो, हें कोणी तरी मान्य केलें याचें मला बरें वाटलें.

असे दगड शोधण्यासाठीं फ्रान्समध्यें ज्यूलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘कॉक्सिनेल’ नांवाचें साधन केलें आहे. फ्रेंच भाषेंत हें नांव लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या त्या इवल्याशा किड्याचें. तो पिकावरचा मावा खातो म्हणून बागाइतदाराला प्रिय असतो. संगणकाच्या चुकांना ‘बग’ म्हणजे किडे म्हणतात, तेव्हां किडे खाणारा किडा! ‘अमुक घेतलें आणि अपयशाच्या वाटेनें परत न करतां बाहेर पडलें’ असा नमुना एकदां लिहून दिला, कीं तें साधन सगळ्या ड्रायव्हरांतून तसल्या जागा काढून दाखवतें. मात्र दाखविलेली प्रत्येक जागा माणसानें वाचावी लागते. मालकी कोठें बदलली हें यंत्राला नेहमींच उमगत नाहीं.

मग हा हिशेब मुळांतच एखाद्या मुनीमाकडे कां सोंपवूं नये? तशीही सोय आहे. तेजुन हिओ यांनीं २००७ सालीं आणलेल्या पद्धतीप्रमाणें जें जें घ्याल तें उपकरणाच्या नांवावर मांडलें जातें, आणि विधि फसला किंवा उपकरण काढलें कीं सगळें उलट क्रमानें आपोआप परत जातें. परतीच्या कितीतरी पायऱ्या यामुळें लिहावयासच नकोत. मी हिचा उपयोग करतें. पण डोळे मिटून नव्हे. उपकरण ओढून काढलें तरी एखादा प्रोग्राम त्याची फाइल अजून उघडी धरून बसलेला असतो. मुनीम आपला नियम पाळून मेमरी परत करून टाकतो, आणि तो प्रोग्राम परत दिलेल्या जागीं हात घालतो. पाहुणा जेवत असतांना ताट उचलून नेण्यासारखेंच तें. २०२२ च्या अखेरीस लिनक्समध्यें ‘रस्ट’ या नव्या भाषेला प्रवेश मिळाला. तिच्यांत मालकी कोणाची हें भाषाच तपासते. परंतु ‘सी’ भाषेंत लिहिलेले कोट्यवधि ओळींचे जुने ड्रायव्हर आहेत तसे आहेत, आणि ते कोणी तरी वाचलेच पाहिजेत.

आमच्या पेटीची दुरुस्ती शेवटीं चार ओळींची झाली. ती खरी आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मीं कर्नेलला मुद्दाम नकार द्यावयास लावलें. तशी सोय त्यांत आहे. पहिल्या मागणीला नकार, मग दुसरीला, मग तिसरीला, असें प्रत्येक पायरीवर विधि मोडून पाहिला. तीन दिवस आणि तीन रात्रीं पेटी टेबलावर अपयशी होत राहिली, आणि मोकळ्या मेमरीचा आंकडा सकाळीं होता तेथेंच संध्याकाळीं असे. मग ती शीतगृहांत परत गेली.

दोन महिन्यांनीं मी कांहीं कामानें तिकडे गेलें होतें तेव्हां पहारेकऱ्यानें मला कपाट उघडून दाखविलें. सैल जोडणी नवी करून मिळावी म्हणून आम्हीं लिहिलें होतें. तिची मंजुरी अजून आलेली नव्हती, आणि त्यानें ती सुतळीनें बांधून ठेवली होती. कॉम्प्रेसर सुरू झाला, कपाट थरथरलें, पेटीवरचा हिरवा दिवा विझला आणि पुन्हां लागला. मीं रोजनिशी उघडून पाहिली. त्या दिवशीं दुपारपर्यंत ड्रायव्हर ९४ वेळां ‘जमलें नाहीं’ म्हणून परत फिरला होता, आणि मोकळी मेमरी होती तितकीच होती.